तिसऱ्या खोलीची चौकट

३ मार्च १९९७, पलूस

व्यवस्थापक बाळासो यांनी माझी ओळख 'साताऱ्याचे मास्तर' अशी करून दिली. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. बेदाण्याच्या या शीतगृहात संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचनांचे मराठी सुधारण्यास मी आलो आहे. जागा स्वच्छ, चहा उत्तम. खोलीत शिरताना चपला बाहेर काढतात. माल म्हणजे लक्ष्मी. तिसऱ्या खोलीबाहेर जुन्या चपलांचा जोड पडला आहे. बाळासो म्हणाले, त्या गुंडा नावाच्या हमालाच्या. तो दिवाळीत काम सोडून गेला. अनवाणी?

८ मार्च

संगणक चालवणारा नईम एकही सूचना वाचत नाही. पडद्यावर सूचनेची चौकट आली की एंटर दाबतो. रागावलो, तर म्हणाला, "आवं गुरुजी, वाचत कोण बसतंय? बिल झाकतंय ते."

यापुढे वाचून तसे वागायचे, अशी तंबी दिली. खोलीचे दार उघडे राहिले की येणाऱ्या 'दार हुगडं हाय'ऐवजी 'दार उघडे आहे. त्वरित बंद करावे' असे घातले. खोलीच्या आतली घंटा दाबली की पडद्यावर 'आत मानूस हाय' उमटे. ती गावंढळ चौकट समूळ काढायला लावली. आत माणूस राहीलच कशाला?

१२ मार्च

काढलेली चौकट पुन्हा आली. तिसरी खोली. 'आत मी हाय.' नईमचा पाचकळपणा. तो शपथा घेतो. अशांच्या शपथेला काय किंमत?

१५ मार्च

नईम रजेवर. तरीही चौकट. 'दार उघडा.' एंटर दाबले. गेली. पुन्हा आली. बाळासो म्हणतात, भाव येईपर्यंत ती खोली उघडायची नाही. दिवाळीपासून बंदच आहे.

१७ मार्च

आज किल्ली घेतली. आत कोणी नाही, हे दाखवून या मूर्खांची तोंडे बंद करायची होती. चपला बाहेर काढल्या. आत आलो —

दार लागले. बाहेरून नईमचा आवाज आला, समाधानाचा: "वाचलं बगा, गुरुजी. केलं बंद." मी ऑफिसात आहे, असे समजतो गाढव. हाका मारल्या. जाड दार.

घंटा दाबतो आहे. चौकट उमटणार नाही. मीच —

बेदाण्याच्या पेट्यांमागे अनवाणी पावले. पांढरी. हलली —

बाळासो उद्या सांगतील ते चूक असेल. तारखा दुरुस्त करून ठेवतो.

माझी नेमणूक: हजेरीपटात ४ मार्च आहे; ३ मार्च हवे.
चौकट काढली: ८ मार्च.
गुंडा काम सोडून गेला: दिवाळी. खोडावे. गेलाच नाही.
मास्तर काम सोडून गेले: १७ मार्च. हेही खो—