बाप्तिस्म्याचा रविवार

मेक्सिको, १९१५

फिदेन्सियो दादा,

जनरल बेरूमेनने क्रांती विकली, म्हणून त्याला संपवायचं तू आणि माझ्या नवऱ्याने, तिबुर्सियोने, ठरवलंत. त्याला एकटं गाठायला माझं बाळ वापरलंत. धर्मबाप म्हणून बोलावलं की माणूस पिस्तूल बाहेर ठेवून चर्चमध्ये येतो. तो बाहेर पडला की तिबुर्सियोने टोपी काढायची आणि तू छपरावरून गोळी घालायची. बाप्तिस्मा त्याआधी होतो, एवढंच विसरलात.

बाळावर पाणी पडलं आणि जनरल तिबुर्सियोचे कोम्पाद्रे झाले, बाळामुळे जोडलेले धर्मभाऊ. सख्ख्या भावावर हात उचलेल माणूस, कोम्पाद्रेवर नाही. टोपी डोक्यावरच राहिली.

जेवताना जनरल म्हणाले, "कोम्पाद्रे, आजपासून गाडीत माझ्या शेजारी तुम्ही. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

तू चिडून बंदूक घेऊन खिंडीत जाऊन बसलायस. गाडी तासाभरात तिकडूनच जाईल. मी नवऱ्याला म्हटलं, "सांगून टाका त्यांना."

"सांगितलं तर तुझ्या भावाला भिंतीशी उभं करतील," तो म्हणाला आणि बूट चढवायला लागला.

म्हणून गोळी घालू नकोस, एवढंच तुला लिहायला बसले. तेवढ्यात जनरल बाळाची पापी घ्यायला आत आले. "कोमाद्रे, भावाला पत्र का? तो खिंडीकडेच मेंढ्या राखतो ना? निघताना द्या माझ्याकडे. मी स्वतः पोचवतो."

तिकडे जाणारं दुसरं कुणीच नाही रे.

अजून तरी तिबुर्सियोची बायको,
तुझी एउलालिया