हेरातला लावलेले फोन

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची काशीत! बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत लीलाकाकूंकडे खोली मिळाली. काकूंचं घराणं सात पिढ्यांपासून इथलं. मराठी बोलतात, पण राग आला की हिंदीत जातात. आल्याआल्या गरम कचौडी पुढ्यात ठेवली आणि संकोच बिलकुल करायचा नाही अशी तंबी दिली. पुण्यात फारसीच्या शिकवण्या करून कंटाळले होते. इथली एक परदेशी संस्था अफगाणिस्तानात औषधं पाठवते, तिला दुभाषी हवी होती. प्रमुख हॅलमसाहेब फार मृदू बोलतात.

११ नोव्हेंबर
काम सोपं आहे. हेरातमधले सहा जण औषधं वाटतात. फोनवर मी त्यांना साहेबांचे निरोप सांगते. त्यांचे नंबर फ्रोजानने मिळवून दिले. ती हेरातची, इथे विद्यापीठात शिकते. सहांतला तमीम तिचा सख्खा भाऊ. तो मला ‘ख्वाहर’ म्हणतो, म्हणजे ताई. त्याला परवा मुलगी झाली. तिचं रडणं त्याने मुद्दाम फोनवर ऐकवलं.

२६ नोव्हेंबर
साहेब औषधांबद्दल हल्ली कमी विचारतात. हेरातच्या पुलावरून किती ट्रक गेले, पलीकडच्या कोणत्या इमारतीला पहारा असतो, फोटो मिळेल का. कारण विचारलं, तर म्हणाले, औषधांच्या गाड्या सुखरूप जायला हव्यात. पटलं. म्हणजे, मी पटवून घेतलं.

९ डिसेंबर
गेल्या आठवड्यात पहाऱ्यातली ती इमारत स्फोटात उडाली. साहेब हसून म्हणाले, मोहीम फत्ते. मग इमारतीचे फोटो कोणी काढले याचा तिथल्या राजवटीच्या माणसांनी शोध सुरू केला. तमीम सापडला. काल त्याला त्याच पुलावर फाशी दिली.
फ्रोजान आली. काकूंनी दिलेला चहा तिच्यापुढे निवून गेला.
“पुलावर जायला त्याला कोणी सांगितलं?”
“मी.”
ती उठून जिना उतरली.

११ डिसेंबर
ऑफिसला कुलूप. साहेबांचा फोन बंद. पोलिसांत गेले. अशी संस्था कुठे नोंदलेलीच नाही म्हणाले. जागेचा भाडेकरार माझ्या नावावर, सही माझीच. नोकरीचे कागद समजून केली होती. शहर सोडायचं नाही, असं बजावलंय.

१२ डिसेंबर
पाच जण उरलेत. नबी गवंड्याला फोन करून म्हटलं, पळून जा. तो निघाला. शहराबाहेरच्या नाक्यावर त्याला गोळी घातली. बायकोने कळवलं.

१३ डिसेंबर
दुसऱ्याला सांगितलं, घरातच लपून राहा. घरात शिरून —
माझे फोन ऐकतात ती राजवटीची माणसं. माझा आवाज ओळखतात. मी जिथे बोलते, तिथे जातात.

१४ डिसेंबर
आज कोणालाच फोन केला नाही. तरी आणखी दोघांना नेलं. मी गप्प राहिले तरीही — काकू दार वाजवतायत, दो कौर खा ले म्हणतायत. कशी उघडू.

१५ डिसेंबर
एकच उरला. सादिक, शाळामास्तर. आज त्यानेच फोन केलाय. आत्ता. मागे त्याची मुलं बोलतायत. विचारतोय, “ख्वाहर, निघू की राहू?”
त्याला सांगायचं सोडून मी हे लिहितेय. तो थांबलाय. लाइनवर आणखी कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय — तोही थांबलाय, मी काय सांगते ते ऐकायला — सादिक पुन्हा विचारतोय — मी म्ह