महादेवाच्या डोक्यावरचा गाळ

अप्पा, देवळातल्या दगडाबद्दल तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही असताना विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं, आणि ते खरं आहे की सोयीचं, हे तुमच्या तोंडाकडे बघून मला कळलं असतं. आता समोर तोंड नाही, म्हणून लिहायला बसलो. दगड तोच, मंडपाच्या भिंतीतला काळा, छातीच्या उंचीवर बसवलेला. त्यावर छिन्नीनं एक आडवी रेघ मारलेली आहे. माझ्या जन्माआधीच्या मोठ्या पुरात नदीचं पाणी त्या रेघेपर्यंत चढलं होतं आणि पाणी ओसरल्यावर ती रेघ तुम्ही मारलीत, असं सगळं गाव सांगतं. सोमवारी बायका तिला हळदकुंकू लावतात. गंगामाय इथवर आली होती, म्हणतात. लहानपणापासून मीही ते ऐकत आलो आणि कधी शंका घेतली नाही. बाकी सगळ्या जगावर शंका घेणं हाच माझा धंदा झाला, पण त्या दगडावर नाही.

धंदा तुम्हीच शिकवलात, हे तुम्हाला कधी कळलं की नाही कोण जाणे. गावी आपण सणासुदीलाच जायचो, बाकी सगळं मुखेडला. तिथल्या आपल्या दुकानात सकाळी तुम्ही विभूती लावून येता, उदबत्तीच्या आधी तराजू हातात घेता आणि रिकामी पारडी उचलून काटा बघता. घरचाच तराजू, आदल्या दिवशी तुमच्याच हातानं ठेवलेला, तरी बघता. एकदा बाजाराच्या दिवशी गर्दीत मी घाईनं गूळ तोलायला लागलो तर गिऱ्हाइकासमोरच तुम्ही माझा हात धरलात. "पारडं रिकामं असताना काटा कुठं हुबा हाय ते आधी बग. मग गुळाकडं बग." गिऱ्हाईक हसलं आणि म्हणालं, "अप्पा, पोराचा बी भरोसा न्हाई का तुमचा?" तुम्ही म्हणालात, "भरोसा महादेवावर. बाकीचं तोलून घ्यायचं." मला तेव्हा फार लागलं होतं.

लातूरला डिप्लोमा करून मी नांदेडला विम्याच्या कामात शिरलो. गोदावरीचं पाणी दुकानांत शिरून ओसरलं की दुकानदार भरपाई मागतात, आणि नुकसान खरं किती ते बघायला आमच्यासारखा माणूस जातो. तिथं तुमचा काटा कामाला आला. पुराच्या पाण्यात गाळ असतो, बोअरच्या पाण्यात नसतो. पोतं बाहेरून चिखलानं माखलेलं आणि आतली साखर स्वच्छ पाण्यानं विरघळलेली दिसली की ओळखायचं, नळी कुणीतरी नंतर लावली आहे. माणसाला तीच गोष्ट दोन-तीनदा विचारायची. खोटं बोलणाऱ्याचं पाणी दर वेळी थोडं वर चढतं. खऱ्याचं जिथं होतं तिथंच राहतं. कधी कधी वाटतं, या कामानं माझं मन आंबून गेलं. लग्नात कुणी आग्रहानं वाढलं तरी मी विचार करतो, हा एवढा आग्रह कशासाठी.

नंतर मी पूररेषेच्या कामाकडे वळलो. नदीच्या काठाकाठानं नकाशावर दोन रेषा आखायच्या. निळीच्या आत नेहमीचा पूर येतो, तिथं काही बांधायचं नाही. लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची, तिच्या आत घर बांधायची परवानगी मिळणं अवघड आणि विमा कंपन्याही हात आखडता घेतात. हिशेब संगणक करतो, पण तो गावातल्या जुन्या खुणांशी ताडून बघावा लागतो. यंदा यादीत आपलं गाव आलं. आणि अण्णानं नेमकं यंदाच, देवळामागच्या प्लॉटवर, नदीच्या अंगाला, घराचा पाया खोदला. मुखेडच्या खोल्यांना कंटाळलाय तो. नात चालायला लागायच्या आत आपल्या अंगणात आणायची, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. दगडावरची रेघ खरी मानली तर लाल रेषा त्याच्या प्लॉटच्या कितीतरी वरून जाते, म्हणजे प्लॉट पुरता आत येतो. मी वरिष्ठांना पहिल्याच दिवशी सांगितलं की सख्ख्या भावाची जागा आहे. ते म्हणाले, "गाव तुमचं, खुणा तुम्हालाच कळतील. मोजमाप मागून दुसऱ्याकडून तपासून घेऊ." त्यांच्या या भल्या बोलण्याचाही मला संशय आला.

मी गावी पोचलो तर अण्णा खोदलेल्या पायाच्या कडेलाच उभा होता. मी गाडीतून मोजणीच्या दुर्बिणीची पेटी उतरवतोय तोवर म्हणाला, "दुर्बीण लावायच्या आधी ऐक. त्यो दगड उचललेला हाय. जीर्णोद्धारात वर बसवला. पहिलं पार खाली व्हता, पायरीपाशी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कामून कुणी सांगावं? म्या हितंच व्हतो. तू लातूरला शिकून राहिला व्हतास."

ज्याचा पाया खोदून तयार आहे तो माणूस दगड हलवलेला आहे म्हणतो, आणि ते बघायला मी नेमका गावात नसतो. असं सांगणारे मी पुष्कळ बघितलेत. माझं तोंड बघून तो म्हणाला, "लोकायच्या दुकानात गाळ हुंगत फिरतोस, भावाला बी हुंग आता."

मग मी गुरवीण मावशीकडे गेलो. ती आता फार थकली आहे, पण ओसरीवर बसून देवळाकडे येणारंजाणारं माणूस अजून ओळखते. अण्णानं तिला पढवून ठेवलं असेल, म्हणून मी दगडाचं नावच काढलं नाही. नुसतं विचारलं, जीर्णोद्धारात काय काय हललं?

"नंदी हलला. घंटा हलली. फरशी उंच केली, जुन्या पायऱ्या तिच्याखाली गेल्या. पिंड तेवढी न्हाई हलली. तिला कोण हात लावंल? म्हणून तर आता गाभाऱ्यात खाली उतरावं लागतंय."

"आणि गंगामायची रेघ?"

"ती तर खालीच व्हती की रं. लोक तिच्यापाशी चपला सोडायचे. गवंडी म्हणला, देवाची खूण पायापाशी बरी दिसत न्हाई, डोकं टेकंल अशी घेऊ. घेतली वर."

"तेव्हा अप्पा कुठं होते?"

"तिथंच हुबे व्हते. गप बसले." आणि ती हसली. "दाळीतल्या खड्यावर बी बोलणारा माणूस तुझा बाप. त्या दिशी गप बसला."

अप्पा, हेच विचारायचं आहे. तुम्ही का गप्प बसलात? पाण्याची खूण वर नेली की ती पाण्याची राहत नाही, हे रिकाम्या पारड्याचा काटा रोज बघणाऱ्याला कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. गंगामायची रेघ पायाशी नको, असं तुम्हालाही मनातून वाटलं असेल. किंवा खूण उंच राहिली तर लोक भितील, नदीकडे सरकणार नाहीत, असा हिशेब केला असेल. पहिलं खरं असेल तर तुम्ही भक्त होतात, दुसरं खरं असेल तर तुम्ही जाणूनबुजून गावाला खोटं माप दिलंत. दोन्ही तुमच्या स्वभावात बसतात, म्हणून मला निवड करता येत नाही.

मला एक आठवण पण आली. मी लहान आहे, त्या रेघेवर पाय देऊन नंदीवर चढायला बघतोय आणि तुम्ही दंडाला धरून मला खाली ओढताय, "पाय काढ." म्हणजे रेघ खालीच होती. पण ही आठवण अण्णानं सांगितल्यावर आली, आधी नाही. दुसऱ्या कुणी मला अशी साक्ष दिली असती तर मी खोडून टाकली असती. मीही खोडली. मावशीचं म्हणणं मात्र खोडता येईना. दगड बाद झाला.

अण्णाला ते सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मला तो उजळलेला चेहरा बघवला नाही, कारण दगड बाद झाला म्हणून पूर बाद होत नाही. पाणी कुठवर आलं होतं हे अजून ठरायचंच होतं. श्रावणी सोमवारी उपास सोडताना तुम्ही त्या पुराची गोष्ट सांगायचात. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, आम्ही दोघं ताटावर. तुमची गोष्ट दर वर्षी वाढायची. वाहून आलेलं झाड मोठं व्हायचं, तुम्ही पोहून काढलेल्या म्हशी एकीच्या दोन व्हायच्या, आणि आई पाठमोरीच म्हणायची, "अवंदा दोन म्हशी व्हय?" पण एक गोष्ट कधी वाढली नाही. पाणी ओसरल्यावर तुम्ही आणि गुरव गाभाऱ्यात गेलात तेव्हा पिंडीच्या माथ्यावर गाळ बसलेला होता, बोटाच्या पेराएवढा, आणि तो तुम्ही हातानं पुसलात. "महादेव बुडला व्हता," एवढंच म्हणायचात आणि ताटाकडे बघायचात. झाड वाढलं, म्हशी वाढल्या, गाळ पेराएवढाच राहिला. आणि पिंड हललेली नाही.

गाभाऱ्यात दुर्बीण उभी करायला जागा नाही. मी गवंड्याची पाण्याची नळी आणली. एक टोक पिंडीच्या माथ्याशी धरायचं, दुसरं जिथं बघायचं तिथं न्यायचं, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. दुसरं टोक मी अण्णाच्याच हातात दिलं. त्यानं ते प्लॉटवर, पायाच्या शेजारी उभं धरलं. मी आतून दोनदा ओरडून विचारलं, कुठं थांबलं? शेवटी नळी दोरीनं पिंडीशी बांधून बाहेर आलो तर पाणी त्याच्या कमरेपाशी थांबलेलं, म्हणजे पुरात त्या जागी निदान कमरेएवढं पाणी होतं.

"नळीत हवा आसंल," तो म्हणाला.

"काढून बघ."

त्यानं टिचक्या मारल्या, टोक खाली-वर केलं, पुन्हा धरलं. पाणी हललं आणि कमरेपाशी परत आलं. तो मग म्हणाला, "म्हंजी अप्पाच्या दगडावर तुझा भरोसा न्हाई, आन अप्पाच्या गप्पेवर हाय."

"पाणी तुझ्याच हातात आहे," मी म्हणालो.

"दगड खरा म्हणलास आस्ता तरी माझा प्लॉट गेला. खोटा म्हणलास तरी गेला. मग खामखा माझ्या हातात नळी कामून दिलीस?"

तुला माझा संशय येऊ नये म्हणून, हे मी बोललो नाही. त्याला कळलं असावं. नळी त्यानं नीट गुंडाळून दिली.

दुसऱ्या माणसानं तपासलं, तेच आलं. अहवालात मी लिहिलं की दगड मूळ जागेवरून हललेला असल्यामुळे खूण ग्राह्य धरू नये, पिंडीचा माथा धरावा. गावातली बरीच घरं त्यामुळे लाल रेषेतून सुटली. अण्णाचा प्लॉट सुटला नाही. पाया त्यानं बुजवला. माझ्याशी बोलतो, पण वहिनीमार्फत, मी समोर बसलेला असतानाच. "त्याला इचार, च्या घेतो का." मी वहिनीलाच हो म्हणतो. नात त्याच्या मांडीवरून माझ्याकडे बघून हसते, आणि तिच्या हसण्याचा तरी मला संशय येत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिंगपूजेच्या पाटाखाली ठेवीन. एक सांगायचं राहिलं. गावी गेलो की गाभाऱ्यात उतरण्याआधी मी त्या दगडापाशी थांबतो. ज्याला मी लेखी बाद ठरवलं त्याच रेघेवर डोकं टेकतो, आणि गवंड्यानं उंची बरोबर धरली होती असं वाटतं. अप्पा, गावातली प्रत्येक खूण मी तपासली. ती रेघ तुम्हीच मारली होती का, हे मात्र मी कुणालाही विचारलेलं नाही.