सीआरपी अडतीस, मन ठणठणीत

१ जून, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मन स्थिर असलेल्या माणसाने लिहून ठेवलेलं बरं.
डायलिसिस चार तास. शेजारच्या खाटेवरचे मामीरबाय, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे म्हणून बायके, म्हणजे दादा, पूर्ण वेळ कुरकुरले. मी कुरकुरत नाही.
डॉक्टर जिपाराने रिपोर्ट दाखवला. सीआरपी अडतीस. पाचच्या आत हवा. म्हणजे अंगात कुठेतरी दाह आहे. तिचं म्हणणं, डायलिसिसवाल्यांत असा दाह वाढला की पुष्कळदा मनही खचलेलं दिसतं. कशामुळे काय होतं ते अजून पक्कं कळलेलं नाही. म्हणून एक फॉर्म भरायला दिला. नऊ प्रश्न. उदास वाटतं का, कशात रस वाटेनासा झालाय का.
नऊही ठिकाणी ‘कधीच नाही’. आपल्याकडे मेंढरं मेली, छप्पर उडालं, तरी पहिल्या सलामाला उत्तर एकच, अल्लाची कृपा, सगळं ठीक. डॉक्टर राजधानीत शिकली. विसरली असेल.

३ जून, बुधवार
मामीरबाय बायके फॉर्मवर खरंखुरं लिहायला बसले होते. थांबवलं. देणाऱ्या अल्लाची तक्रार कागदावर कसली करायची? मशीन सुरू व्हायच्या आत सहाही खाटांवर फिरून समजावलं. सगळ्यांनी ‘कधीच नाही’ लिहिलं. सत्कर्म घडलं.

४ जून, गुरुवार. सकाळ
बूरुल अलीकडे उदास असते. माझ्याकडे बघून उसासे टाकते. बायकोला उभारी देणं नवऱ्याचं काम. दुपारी देतो.
मी खोगीर शिवणारा, पण गेल्या शरद ऋतूपासून एकही शिवलं नाही. हातांना मुद्दाम विश्रांती दिली आहे.

संध्याकाळ
दुपारी चिंतन लांबलं. सकाळचंही लांबलं होतं. उभारी उद्या.

५ जून, शुक्रवार
डॉक्टर म्हणाली, इतका आनंदी वॉर्ड तिने पाहिला नाही, नर्सासुद्धा एवढ्या सुखी नाहीत. ती आमच्यासाठी मनाचा डॉक्टर मागवणार होती. आता सगळ्या फॉर्मांवर ‘कधीच नाही’ बघून वरून कोण पाठवणार? माझ्याकडे फार वेळ बघत होती. मी छताकडे बघितलं.
मग दाहाचं मूळ शोधायला तोंड उघडायला लावलं. मागची दाढ किडली आहे. मी म्हटलं, ती फक्त जेवताना दुखते, आणि मी फारसा जेवत नाही. हे उगाच बोललो.

९ जून, मंगळवार
वीस तारखेला नुरझादाची पाठवणी. उंबरा ओलांडताना लेकीला बापाने दुआ द्यायची असते. मी ती मेहुण्याकडे, शार्शेनकडे सोपवली. त्याचा आवाज मोठा आहे. मला गर्दीत पूर्वीसारखी गोडी राहिली नाही. वाढत्या वयात माणूस अंतर्मुख होतोच.
नुरझादा चहा ओतत होती. किटली खाली ठेवून बापाला म्हणाली, “अता, तुमची दुआ मिळाल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. वऱ्हाड परत गेलं तर जाऊ दे.”
पोर हट्टी आहे. आईवर गेली.

१२ जून, शुक्रवार
दाढ काढली. आत पू होता. डॉक्टर म्हणाली, आता दाह उतरेल, मनाची मात्र हमी देत नाही, त्यावर वेगळं बघावं लागेल. मन जागच्या जागी आहे, असं मी गालात कापूस असल्यामुळे खुणेने सांगितलं.

१७ जून, बुधवार
सीआरपी अकरा! म्हणजे मी ठीक आहे, हे शास्त्रानेही मान्य केलं. मामीरबाय बायकेंना आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, “मग महिनाभर दाढी का केली नाहीस?” मी म्हटलं, धर्मात दाढी राखणं चांगलं. “आणि मळका सदरा?” झोपेचं सोंग घेतलं.
नुरझादासाठी सोळा ओळींची दुआ पाठ केली. घर हलवून सोडीन.

२० जून, शनिवार
अंगणात साठ माणसं. नुरझादा उंबऱ्यापाशी उभी. मी तळवे पसरले. सोळापैकी एकही ओळ आठवेना. मोटारी सुरू होत्या, शार्शेन मागून ढोसत होता, आणि पोर माझ्याकडे बघत होती. जे तोंडात आलं ते बोललो.
“पोरी, माझं मन कशातच लागत नाही. तुझ्या लग्नातही लागलं नाही. ते तुझ्यामागे येऊ नये. तू सुखी राहा.”
मग नवऱ्या मुलाच्या आजोबांनी आमीन म्हटलं, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, आणि नुरझादा मला बिलगून, रडून, गेली.
आजोबा मागे थांबले. लोकांपुढे असं बोलल्याबद्दल मी माफी मागितली. म्हटलं, आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.
ते म्हणाले, “आम्हाला ठाऊक होतं. मार्चमध्ये मुलगी मागायला आलो, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. आम्ही तुमच्या पाठीला सलाम केला, चहा घेतला आणि गेलो.”
बूरुलला विचारलं. खरं आहे म्हणाली. सात जण होते, दोन तास बसले होते.
मला वाटत होतं, त्या दिवशी कोणी आलंच नव्हतं.