सोमवारचं डोकं

३ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. तळमजल्यावर एमआरआयचं यंत्र, काचेआड आम्हा दोघांची खोली. स्कॅन मी काढायचे. आकडे तपासायचे ते एका वयस्कर गृहस्थांनी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. हातापायांना कंप सुटलेल्या रुग्णांच्या मेंदूत लोह साचत जातं, ते किती साचलंय हे आम्ही मोजतो. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई त्यांना लोह उतरवणारं नवीन औषध देताहेत. ते लागू पडलं तर बाईंच्या वीस वर्षांच्या कष्टांचं चीज होईल.

इथली एक गंमत. दर सोमवारी आधी मीच यंत्रात झोपायचं. निरोगी डोक्यातलं लोह आठवड्याभरात बदलत नाही. म्हणून माझा आकडा वाढला तर ती यंत्राची चूक, आणि तेवढा फरक सगळ्या रुग्णांच्या आकड्यांतून वजा करायचा. पूर्वी या कामाला लोहाच्या द्रावणाची एक सीलबंद बाटली होती, ती फुटली म्हणे. माझा आकडा आला शंभर, निरोगी डोक्याचा असतो तेवढाच. आईला सांगितलं, तर म्हणाली, शाळेतल्या बाई म्हणायच्या तुझ्या डोक्यात दगड भरलेत. लोखंड म्हणजे बढतीच झाली की.

१० मार्च, सोमवार
एकशे चार. मास्तरांनी मान वर न करता चार वजा केले. रुग्णांचे आकडे उतरले, डॉक्टरीणबाई खुशीत. पण गेल्या आठवड्यात शर्टाची बटणं स्वतः लावणाऱ्या आजोबांना आज सुनेने बटणं लावून दिली. आकडा उतरतोय आणि माणूस खचतोय, हे गणित मला पटेना. मास्तरांना विचारलं तर त्यांनी विषयच बदलला.

१७ मार्च, सोमवार
एकशे अकरा. माझ्याआधी इथे कोण होतं, हे सफाईवाल्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, गोड पोरगी होती, पण शेवटी शेवटी ज्याच्यात्याच्यावर संशय घ्यायची. मग आजारी पडून गेली. मास्तर म्हणाले, तिचं लग्न झालं. दोघांपैकी कोणीतरी मला थाप मारतंय.

मास्तरांना सहज म्हटलं, एका सोमवारी तुम्ही झोपा ना. नको नको, म्हणाले. फारच घाईने म्हणाले.

२४ मार्च, सोमवार
एकशे एकोणीस. जुन्या नोंदी उघडल्या. तिचे सोमवार: शंभर, एकशे पाच, एकशे बारा... शेवटचा एकशे शहाण्णव. प्रत्येकापुढे मास्तरांच्या अक्षरात 'यंत्राची चूक'. मग मी आल्याबरोबर यंत्र पुन्हा शंभरावर कसं आलं? माणूस बदलला की यंत्र बरं होतं?

घरी चावी कुलुपात जाईना. हात थरथरत होता. भीती वाटतेय, आणि ती आईला सांगता येत नाही.

२६ मार्च
बाटली सापडली. मास्तरांच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेली, धडधाकट. ते जेवायला गेल्यावर यंत्रात ठेवली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर बत्तीस, यंत्रावरही बत्तीस.

यंत्र बरोबर आहे. वाढतंय ते माझ्या डोक्यात— आणि माझं वाढलेलं रुग्णांच्या आकड्यांतून वजा होतंय. त्यांचं काहीच उतरलेलं नाही.

२८ मार्च
डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग माझे हात टेबलावर ठेवायला लावले, बघत राहिल्या, काहीतरी लिहिलं. मी उलट बाजूने वाचलं— 'संशयी'. आधीचीही असंच म्हणायची, म्हणाल्या. मास्तर दारातच उभे होते. कधीपासून?

३१ मार्च, सोमवार
बाटली कपाटात नाही. आज यंत्रात झोपणार नाही, असं ठणकावून सांगितलं. मास्तर हसले. म्हणाले, सकाळीच झोपून आलीस की.

खोटं— मी आत्ताच आले—

माझ्या कानात यंत्राचा आवाज अडवायला घालायचे बोळे तसेच आहेत.

७ एप्रिल
अक्षर बारीक होतंय. मोठं लिहायचं म्हटलं तरी बारीक. घरात ती— मला जेवू घालते ती— तिला काय हाक मारायची आठवेना. रडली.

१४ एप्रिल, सोमवार
काचेआड नवीन बाई. खुशीत आहे. मास्तर तिला सोमवारची गंमत सांगताहेत. तिचा शंभर.

मी बाकावर. रुग्णांच्या.

२१ एप्रिल
तिचा एकशे सहा. पाहिला. माझ्यातून सहा गेले. माझा हात धरून म्हणाली, ताई, छान उतरतंय तुमचं.

चांगली आहे. तिला सांगायलाच— शब्द येत नाही, लिहून देते. कपाट बघ. मास्तरांच्या. फुटलेली नाही ती. ती बा