सायलीचं तिसऱ्या प्रकारचं वाक्य

२४ जुलै
"पोरींनो, इफची वाक्यं सोडून द्या. तेवढ्या मार्कांवाचून कुणी नापास होत नाही." मी दहावीला असताना इंग्रजीचे सर म्हणाले होते. मी सोडली. आता शाळेत नववीच्या इंग्रजीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, आणि माझ्यासारख्या मराठीवालीच्या गळ्यात इंग्रजी. पहिलाच धडा इफचा. सायलीला धुळ्याला फोन केला, ती तिथे क्लासमध्ये हेच शिकवते. रोज अर्धा तास देईन म्हणाली. "पण आई, मध्येच दुसरं काही विचारायचं नाही." हे काय नवीन?

२८ जुलै
पाऊस आला तर छत्री घेईन: घडू शकतं. मी पक्षी असते तर: नुसती कल्पना. दोन्ही प्रकार कळले. तिसऱ्यात वेळ निघून गेलेली, आता बदल नाही. उदाहरण मागितलं तर सायली पटकन म्हणाली, "इफ आय हॅड टोल्ड यू, यू वुड हॅव स्टॉप्ड मी." मी सांगितलं असतं, तर तू अडवलं असतंस.
काय सांगितलं असतं?
"अगं, उदाहरण आहे." फोन ठेवला.
चुकलेल्या बसचं नसतं सुचलं? यांच्याजवळ बोलले. म्हणाले, वह्या तपासून तपासून आता घरातही चुका शोधतेस.

३ ऑगस्ट, रविवार
घरी कानबाई बसल्या, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. सा. सकाळच्या बसने आली. कामाला वाघीण. फोन मात्र सारखा पालथा. एवढ्या उकाड्यात गळाबंद कुर्ता. माझंच मन वाईट.

४ ऑगस्ट
विसर्जन करून सगळे कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला बसलो. सा.ने तिच्या ताटातला रोट माझ्या ताटात सरकवला. ॲसिडिटी म्हणे. मोठ्या जाऊबाई, अक्का, सोडतात थोडंच. "काब्र नही खात व माय? लगीन व्हयनं का मंग भेटाव नही, तवलोंग खाई ले." लग्नानंतर मिळणार नाही, तोवर खाऊन घे, म्हणे. सगळे हसले. सा. पाणी आणायला उठली.
चार वाजता तिनेच बाबांबरोबर दोन कचोऱ्या खाल्ल्या. वर तळलेली मिरची.
लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेल्या मुलीला आमच्याकडे रोट चालत नाही. पोर माझ्याशी खोटं बोलली. कानबाईशी खोटं बोलवलं नाही तिला.
संध्याकाळच्या बसने गेली.

५ ऑगस्ट
वर्गात तिसरा प्रकार घेतला. फळ्यावर तिचंच वाक्य लिहीत होते, अर्ध्यात पुसलं. त्याजागी चुकलेल्या बसचं लिहिलं.
कोण असेल? क्लासमधलाच? आणि मी खरंच अडवलं असतं? यांनी, हो. मी तर

७ ऑगस्ट
फोनवर तिने वर्ग कसा झाला विचारलं, मी बरा म्हटलं. यांना अजून काही सांगितलेलं नाही. नंतर मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. नाहीच म्हणेल, माहीत आहे. तरी पाठवला:
"शनिवारी एकटीच येते. दोन दिवस तुझ्या खोलीवर राहू दे. आणि तिथे आणखी कुणी राहत असेल, तर त्याला कुठे पाठवू नकोस."