राखेतलं वांग्याचं बी

दसऱ्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

आज वाफा तयार केला आणि आईच्या वांग्याच्या बियांचा डबा काढायला गेले, तर डबा रिकामा. कीड लागू नये म्हणून बी राखेत कालवून ठेवलं होतं. सासूबाईंनी त्याच राखेनं दिवाळीची पितळी भांडी घासली.

"राख दिसली, लावली बाई. डब्यावर का लिहून होतं?" म्हणाल्या. "अन् वांग्याचं बी बजारात नाई भेटत का?"

भेटतं. पण हे माझ्या माहेरचं, करडी गावचं, आईच्या परसातलं. ती गेल्यावर तिकडे कोणी लावलंच नाही. डब्यावर दोन शब्द लिहायला मला काय झालं होतं? मोरीपाशी धावले, तर साळुंक्या ओला चिखल टोचत होत्या. दगड उचलला आणि खाली ठेवला. त्यांच्यावर काय चिडायचं!

राग माझाच येतोय. गेल्या वर्षी शेजारच्या कुंदाताईंनी चिमूटभर बी मागितलं होतं. "या खेपेला थोडंच आहे," म्हणून मी टाळलं. डब्यावर लिहिलं नाही ते राहू दे. तेव्हा ती चिमूट दिली असती, तर आज त्यांच्या दारात मागायला तरी जाता आलं असतं.